नववे गाणे : ‘दशावतार’, डेथ मेटल आणि एका यादीचा इतिहास

१/२०
ठाणे–कल्याण पट्ट्याच्या इतिहासावर इथे आपण बहुधा शिलालेख, लेणी आणि बंदरे यांविषयी बोलतो. आजचा धागा मात्र २०१७ साली आलेल्या एका डेथ मेटल अल्बमवर आहे. गोंधळून जाऊ नका, शेवटी आपण लेण्यांपाशीच पोहोचणार आहोत. अल्बमचे नाव ‘दशावतार’, बँड मुंबईचा ‘डेमॉनिक रेझरेक्शन’. अवतार दहा, गाणी दहा. त्यांतील नवव्या गाण्याने माझा एक शोधनिबंध कित्येक आठवडे अडवून धरला आणि एका जुन्या मैत्रीत काही काळ अबोला आणला. ती हकिगत आणि तिच्यामागचा सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास, दोन्ही इथे मांडते.

२/२०
संगीतप्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडे. डेथ मेटल १९८० च्या दशकाच्या मध्यावर, मुख्यतः अमेरिकेतील फ्लोरिडात आकारास आले. गिटारी नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत लावलेल्या, ड्रमचा मारा अखंड, आणि गायन म्हणजे घशाच्या तळातून काढलेला गुरगुरता स्वर. पुढे काही बँडना ही चौकट अपुरी वाटू लागली. ‘डेथ’ या बँडचा ‘ह्यूमन’ (१९९१), ‘सिनिक’चा ‘फोकस’ (१९९३), स्वीडनच्या ‘ओपेथ’च्या दीर्घ रचना : यांतून तालाच्या मात्रा मध्येच बदलणे, जॅझचे तुकडे, साधे गळ्यातले गाणे, निवांत अकूस्टिक गिटार असे सारे आत आले. यालाच प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल म्हणतात. मिश्रण हा त्याचा स्वभावच आहे.

३/२०
मुंबईत या संगीताला जागा मिळाली ती धोबी तलावाच्या रंगभवनात. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने तिथे पिढ्या घडवल्या. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन मुके झाले. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ची स्थापना २००० सालची, सूत्रधार साहिल मखीजा. २०१० मध्ये ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार या बँडला मिळाला. आपल्यापैकी काहींनी मखीजा यांना स्वयंपाकाच्या व्हिडिओंतून अधिक पाहिले असेल. ते हेच गृहस्थ.

४/२०
‘दशावतार’ची रचना सरळ आहे. प्रत्येक गाण्याचे नाव एका अवताराचे आणि त्यापुढे इंग्रजीत एक विशेषण. पहिले मत्स्य, मग कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, नववा बुद्ध, ‘द टीचर’, दहावा कल्की. शब्द इंग्रजी. गुरगुरणे आणि सुरेल गाणे आलटून पालटून येते. सिम्फनीचा भव्य पडदा मागे असतो आणि भारतीय वाद्यांचे व सुरांचे तुकडे मध्ये मध्ये डोकावतात. या बँडचे आधीचे काम पाश्चात्त्य अंधारविश्वात रमलेले होते. पुराणांकडे हे वळणे त्यांच्यासाठीही नवे होते.

५/२०
अल्बम आला तेव्हा मी बारावीत होते, डोंबिवलीत. आमच्या दोन खोल्यांच्या घरात हेडफोनचे एक टोक बिघडले होते, म्हणून स्पीकरवर लावला. माझे आजोबा मूळचे कुडाळ तालुक्यातले, नोकरीसाठी मुंबईला आले आणि निवृत्तीनंतर डोंबिवलीत स्थिरावले. पहिल्याच गाण्यात गुरगुरणे सुरू झाले तसे त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि विचारले, “हो खंयचो रे संकासूर?” आई हसली. मला मात्र त्या वाक्याने पुढे काही वर्षे पुरेल एवढा विषय दिला. कारण आजोबांची चेष्टा नेमकी होती. मत्स्याच्या कथेत गर्जना करायला संकासुरच हवा.

६/२०
दक्षिण कोकणातील दशावतारी नाटक ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी : देवळाच्या जत्रेत रात्री उशिरा सुरू होणारा, पहाटेपर्यंत चालणारा हा खेळ. सर्व भूमिका पुरुषच करतात. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. आरंभी ‘आडदसर’ : गणपती, रिद्धि-सिद्धी, शारदा, ब्रह्मदेव आणि वेद चोरणारा संकासूर. उंच टोपीचा, काळ्या वेशातला हा असुर चक्क मालवणीत लोकांची टर उडवतो. विष्णूच्या हातून त्याचा वध झाला की मुख्य आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. नट उभ्या जागी रचतात. डोंबिवली, ठाणे, कल्याण येथे कोकणातून आलेल्या वस्तीमुळे हिवाळ्यात मैदानांवर हे खेळ लागतात. मी ते आजोबांच्या मांडीवर झोपत, जागत पाहिले आहेत.

७/२०
आता एक गंमत. नाव ‘दशावतार’, पण रंगमंचावर दहा अवतार कधी येतच नाहीत. येतो तो संकासुराच्या वधापुरता मत्स्यावतार. पुढची आख्याने कुठलीही असू शकतात. वेरूळचे १५ क्रमांकाचे लेणेही ‘दशावतार’ म्हणूनच ओळखले जाते. तिथे राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा आठव्या शतकातला लेख आहे, नरसिंह आहे, वराह आहे, वामन आहे, शिवाच्याही भव्य मूर्ती आहेत. दहा अवतारांचा पूर्ण संच मात्र नाही. शिवाय त्या लेण्याची बांधणी बौद्ध विहाराच्या वळणाची आहे, म्हणून त्याचा आरंभ विहार म्हणून झाला असावा असे अनेक अभ्यासकांना वाटते. दहा हा आकडा पुष्कळदा नावात असतो, प्रत्यक्षात नसतो. बँडने मात्र दहाच्या दहा जागा भरल्या.

८/२०
एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी मी याच विषयावर शोधनिबंध घेतला : कोकणचा दशावतार आणि मुंबईचा ‘दशावतार’. कल्पना मोहक होती. दशावतारी मंडळींनी नाट्यपदांच्या चाली घेतल्या, सिनेमाच्या चाली घेतल्या, आता ‘ट्रिकसीन’ही घेतले. बँडने अमेरिकेचे मेटल घेतले, सिम्फनी घेतली, भारतीय सूर घेतले. दोघांचीही परंपरा म्हणजे घेत राहणे. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाच्या शीर्षकातला शेवटचा शब्द मी उचलला आणि निबंधात जागोजागी पेरला. एक वाक्य मला विशेष आवडले होते : “ज्याप्रमाणे अल्बमने भिन्न शैलींना सामावले, त्याप्रमाणे परंपरेने बुद्धालाही सामावले.”

९/२०
माझा एक मित्र कल्याण पूर्वेला राहतो. अकरावीपासूनची ओळख, आणि ओळखीचे कारण मेटल. दुपारच्या विरळ गाडीत तो कल्याणला चढे, मी डोंबिवलीला. दोघांत एक इअरफोन. निबंधाच्या दिवसांत मी पूर्ण अल्बम पुन्हा ऐकत होते. मुंब्रा मागे पडले, आठवे गाणे संपले आणि त्याने आपल्या कानातले टोक काढून माझ्या हातात दिले.
“का रे? आवडत नाही?”
“गाणं चांगलं आहे. जागा चुकीची आहे.”
गाण्याच्या शब्दांशी त्याचे भांडण नव्हते. भांडण ‘नऊ’ या आकड्याशी होते. इतक्या वर्षांत तो आठव्यावरून थेट दहाव्यावर जातो हे मला ठाऊकच नव्हते.

१०/२०
बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील एक प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, असे निःसंदिग्ध सांगते. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखाहून अधिक लोकांनी दीक्षा घेतली. त्या गर्दीत माझ्या मित्राचे पणजोबा होते. त्याच्या घरी दिवाणखान्यात त्या प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आहेत. मी त्या घरी शंभरदा जेवले आहे. चौकट पाहिली होती, वाचली नव्हती.

११/२०
मी त्याला माझे आवडते वाक्य दाखवले. वाटले, त्याला पटेल. त्याने वाचले आणि शाळेतल्या व्याकरणाच्या तासासारखे विचारले, “सामावलं, हे क्रियापद. कर्ता कोण? कर्म कोण?” मी म्हटले, कर्ता परंपरा, कर्म बुद्ध. तो म्हणाला, “म्हणजे आमचा बुद्ध कर्म. आणि ही परंपरा म्हणजे कोण? तिला नाव नाही, गाव नाही?” मी थोडी चिडून उत्तर दिले, की एका गाण्याच्या क्रमांकावरून एवढे कशाला. ठाणे आले, तो उतरला. पुढचे तीन आठवडे आम्ही बोललो नाही. निबंधही पुढे सरकला नाही, कारण प्रश्न खरोखरच इतिहासाचा होता : ही यादी कोणी केली?

१२/२०
तर यादीकडे. महाभारताच्या शांतिपर्वातील नारायणीय भागात अवतार येतात, आणि रा. गो. भांडारकरांनी आपल्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात (१९१३) ते बारकाईने मोजले आहेत. एका ठिकाणी सहाच : वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण. लगेच पुढे आणखी चार जोडून दहा होतात. पण त्या दहांत आरंभी हंस आहे आणि बुद्ध नाही. भागवत पुराणाच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतारांची गणना आहे आणि वर अवतार असंख्य असल्याचे सांगितले आहे. म्हणजे संख्या ठरलेली नव्हती, क्रम ठरलेला नव्हता, नावेही ठरलेली नव्हती.

१३/२०
बुद्ध आत कसा आला? विष्णुपुराणात ‘मायामोह’ नावाची एक आकृती विष्णू निर्माण करतो, जी असुरांना वेदमार्गापासून भ्रष्ट करते. भागवतातही बुद्धाचे प्रयोजन देवद्वेष्ट्यांना संमोहित करणे हेच आहे. म्हणजे त्याला आसन दिले, पण त्याचे म्हणणे फसवे ठरवून दिले. पुढे सूर बदलतो. काश्मीरचा क्षेमेंद्र १०६६ मध्ये ‘दशावतारचरित’ पूर्ण करतो, त्यात बुद्धावर स्वतंत्र सर्ग आहे. बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त बुद्ध पशुहत्येची निंदा करणारा करुणावान आहे. एकाच आसनावर बसवण्याची ही दोन अगदी भिन्न कारणे.

१४/२०
जयदेवाच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे : आठवा कृष्ण नाही, बलराम आहे. कारण तिथे कृष्ण अवतार नसून अवतार घेणाराच आहे. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ची यादी, आठवा कृष्ण आणि नववा बुद्ध, ही आज दिनदर्शिकांवर आणि शाळकरी पुस्तकांत रुळलेली यादी आहे. बँडने ती रचली नाही. समोर होती ती उचलली. आपणही तेच करतो. एखादी यादी पुरेशी वेळा छापली गेली की ती कोणी केली हे विचारणे थांबते, आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीनेही ते थांबवले होते.

१५/२०
महाराष्ट्रात तर नववी जागा अधिकच गुंतागुंतीची. इथल्या जुन्या पंचांगांच्या चित्रांत आणि काही देवळांतील शिल्पपटांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल दिसतो, आणि त्याचे नाव ‘बुद्ध’ किंवा ‘बौद्ध’ असे दिलेले असते. संतांच्या अभंगांतही पांडुरंग हा मौन धरलेला बौद्ध अवतार म्हणून येतो. ढेरे यांनी या साऱ्याची विस्ताराने चर्चा केली आहे. म्हणजे मराठी मुलुखात नववा अवतार म्हटल्यावर डोळ्यांसमोर अनेकदा बोधगया नव्हे, पंढरपूर येत होते.

१६/२०
आणि हे नाते उलट दिशेनेही वाचले गेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे प्रतिपादन केले आणि त्यावर आपण लिहिणार असल्याचे सांगितले. ते लेखन पूर्ण झाले नाही. दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले. नीट पाहा. एक जण म्हणतो, बुद्ध हा विठ्ठलाचा, म्हणून विष्णूचा. दुसरा म्हणतो, विठ्ठलच बुद्धाचा. साम्य दोघांनाही मान्य आहे. कर्ता आणि कर्म मात्र अदलाबदल झाले आहेत. ‘समन्वय’ या एका शब्दात ही अदलाबदल दिसेनाशी होते.

१७/२०
आता ठरल्याप्रमाणे लेणी. कान्हेरीच्या सातवाहनकालीन लेखांत कल्याणचे दाते येतात : व्यापारी, कारागीर. बौद्ध संघाला दान देऊन गावाचे नाव दगडात कोरणारी ही माणसे आपल्या पट्ट्यातली होती. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप खणून काढला. कल्याण–भिवंडी परिसरातील लोनाडच्या बौद्ध लेण्यात आज खांडेश्वरी देवीची पूजा होते. पूजा करणाऱ्या बाईच्या भक्तीत खोट नाही. पण तिथे बुद्ध आणि देवी यांचे ‘मिश्रण’ झाले असे मी लिहिले तर एक गोष्ट गाळली जाते : विहार रिकामा झाला, तेव्हाच देवी आली.

१८/२०
हे समजल्यावर मी अल्बम पुन्हा ऐकला, या वेळी कर्ता-कर्म शोधत. उत्तर ऐकू येते. घर मेटलचे आहे. गिटार आणि ड्रम यजमान आहेत. भारतीय सूर दार उघडले की आत येतात, शोभून दिसतात आणि पुन्हा बाजूला होतात. दशावतारी खेळात याच्या उलट : सिनेमाची चाल आली तरी ती पखवाजाच्या घरात पाहुणी. यात कुणाचा दोष नाही. दोन्ही मिश्रणे मला प्रिय आहेत. पण प्रत्येक मिश्रणात कोणीतरी यजमान असतो, आणि पाहुण्याला विचारून बोलावले की तो नसताना त्याचे चित्र भिंतीवर टांगले, हा फरक मोठा आहे. सतारीला काही वाटत नाही, माणसांना वाटते.

१९/२०
निबंधातले ते वाक्य मी काढले. त्या जागी बुद्धाच्या नवव्या स्थानाचा इतिहास, कोणी, केव्हा, कशासाठी, अशा तीन प्रश्नांसह आठ पाने लिहिली, आणि शेवटी १९५६ चा नकारही त्याच इतिहासाचा भाग म्हणून नोंदवला. यादीतून बाहेर पडणे हीसुद्धा यादीच्या इतिहासातली घटना आहे. मसुदा मित्राला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले : “आता कर्ता दिसतोय. पान सहावर ‘सामावून’ राहिलंय, ते काढ.” काढले. आम्ही पुन्हा एकाच गाडीने जातो, एकच इअरफोन वाटून. आठवे गाणे संपले की तो अजूनही आपले टोक काढतो. मी आता थांबवत नाही. चार–पाच मिनिटे नववे गाणे एकटी ऐकते, दहावे लागले की त्याच्या हातावर टिचकी मारते.

२०/२०
आजोबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या ट्रंकेत जुनी पंचांगे निघाली, वरच्या कडा कसरीने खाल्लेली. एकावर दशावतारांची पट्टी आहे, आणि नववा कमरेवर हात ठेवून उभा आहे.

तुम्हाला एक विनंती. घरी, आजोळी, देव्हाऱ्याखालच्या खणात अशी जुनी पंचांगे असतील, किंवा गावच्या देवळात दशावतारांचा पट असेल, तर नवव्या जागेचे छायाचित्र गाव आणि साल यांसह खाली द्या. ठाणे, कल्याण, सिंधुदुर्ग, पंढरपूर, बेळगाव, कुठलेही चालेल. कुठे बुद्ध, कुठे विठ्ठल, कुठे बलराम, हे एकत्र ठेवून पाहू. यादी कोणी केली याचे उत्तर ग्रंथांइतकेच त्या खणांतही आहे.